बारमाही ओढा

मासा माझ्या ओल्या तळहातावर होता आणि त्याच्या कल्ल्यातून रक्त येत होते. फार नव्हे. कुंकवाचे बोट वाहत्या पाण्यात बुडवावे, लाल रेघ उमटावी आणि बघता बघता विरून जावी, तेवढेच. नऊ इंचांचा ब्रुक ट्राउट होता तो. पाठ गर्द हिरवी आणि तिच्यावर किडीने लाकूड कोरावे तशी फिकट, नागमोडी नक्षी. कुशीवर निळ्या कड्यांत बसवलेले लाल ठिपके. पोटाकडे केशरी झाक आणि परांच्या पुढच्या कडेला दुधासारखी पांढरी रेघ. गळ ओठात लागायला हवा होता, तो कल्ल्याच्या कमानीत रुतला होता. चिमट्याने मी तो काढला आणि काढताना रक्त वाढले. शेजारी गुडघाभर पाण्यात उभे असलेले गृहस्थ एवढेच म्हणाले, "हा जगणार नाही. घरी घेऊन जा." त्या पट्ट्यात नियमाने तशी मुभा होती. मी मात्र मासा पाण्यात धरला, त्याचे तोंड प्रवाहाकडे केले आणि शेपटीत जोर आल्यासारखा वाटताच हात उघडला. तीन-चार हात जाऊन तो एका दगडामागे थांबला, क्षणभर कुशीवर कलला, पोटाचा रंग एकदाच लकाकला आणि मग पाण्याने त्याला काठाच्या सावलीत नेले. त्यापुढचे मला दिसले नाही.

या गोष्टीला आता महिना होत आला.

मे महिन्यातला दुसरा शनिवार होता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनहून १४ नंबरच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघाले की विस्कॉन्सिन नदी ओलांडेपर्यंत रस्ता साधारण सपाट जातो. त्यानंतर जमीन अचानक घड्या घालू लागते. रिचलंड सेंटर, विरोक्वा, वेस्टबी ही गावे मागे टाकत जावे तसतशा टेकड्या जवळ येतात, दऱ्या अरुंद होतात आणि प्रत्येक दरीच्या तळाशी एकेक पाण्याची रेघ दिसू लागते. आजूबाजूचा सारा मुलूख हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांखाली रगडून सपाट झाला. हा तुकडा तेवढा त्या बर्फाच्या वाटेत आला नाही, म्हणून इथे तळी नाहीत, पण कडे आहेत, घळी आहेत आणि चुनखडीतून फुटणारे शेकडो झरे आहेत. इथल्या दऱ्यांना ‘कूली’ म्हणतात. कून व्हॅली या गावाभोवती असे कितीतरी ओढे एकमेकांना मिळत जातात. त्यांतला टिंबर कूली मासे धरणाऱ्यांमध्ये नावाजलेला आहे. आम्ही गेलो होतो तो ओढा त्याहून पुष्कळ लहान. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते पाणी एका वेळी दोन माणसांपुरतेच आहे. शाळेत लांब उडी मारणारा एखादा मुलगा बऱ्याच ठिकाणी तो एका झेपेत पार करील.

‘ब्रुक’ या शब्दाला मराठीत ओढा म्हणावे, हे मला इथे येऊन बरीच वर्षे पटत नव्हते. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावाला ओढा होता, तो आषाढात गढूळ होऊन येई, श्रावणात निवळे, दिवाळीपर्यंत कसाबसा वाहे आणि संक्रांतीला त्यात वाळूच उरे. त्या वाळूत खड्डा करून बायका वाटीने पाणी उपसून हंड्यात भरत. ओढा या शब्दात माझ्या लेखी आटणे हे अंगभूतच होते. आणि हा ओढा मात्र जानेवारीत, सारी कुरणे बर्फाखाली गेलेली असताना, उघडा आणि वाहता असतो, त्याच्यावरून वाफ निघते. झऱ्याचे पाणी जमिनीतून साधारण नऊ अंश सेल्सियसने येते, मग बाहेर जुलै असो की डिसेंबर. उन्हाळ्यात ते थंड वाटते आणि हिवाळ्यात कोमट. त्या थंडाव्यावरच ट्राउट जगतो. पाणी वीस अंशांच्या वर जाऊन तिथेच राहिले की ब्रुक ट्राउटचा जीव घुसमटू लागतो. म्हणून ट्राउट कुठे आहे हे विचारणे म्हणजे थंड पाणी कुठे आहे हे विचारणेच असते.

माझ्याबरोबर होते ते माझे शेजारी, सत्तरी ओलांडलेले. त्यांचे आजोबा नॉर्वेहून लहानपणी आलेले, याच खोऱ्यात दुभती जनावरे ठेवून शेती केलेले. मला हातात गळाची काठी धरायला त्यांनीच शिकवले. माझे लहानपणीचे मासे धरणे म्हणजे बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, गांडूळ आणि तळ्याच्या काठी घालवलेली आख्खी दुपार. शिंगाळा लागला तर काटा बोटात जाई, मरळ लागली तर घरी कौतुक होई. फ्लाय फिशिंगमध्ये यातले काहीच नसते. इथे गळावर पिसे आणि धागे गुंडाळून कृत्रिम माशी केलेली असते, तिला वजनच नसते, त्यामुळे ती फेकता येत नाही. फेकायची असते ती जाड, मेणचट दोरी, आणि माशी तिच्यामागून जाते. काठी वर नेऊन दोरी पाठीमागे टाकावी, हवेत ती पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे आणि मगच पुढे आणावे. ते थांबणे मला वर्षभर जमले नाही. दोरी मागे असते, डोळ्यांना दिसत नाही, आणि हाताला घाई असते. शेजारी म्हणत, "मागचं पूर्ण होऊ द्या, पुढचं आपोआप होतं."

दोरीच्या टोकाला जो धागा असतो त्याची जाडी ०.१५ मिलिमीटर. त्याला बांधलेली माशी पाण्यावर पडली की ती पाण्याच्याच वेगाने, कुणी धरलेली नाही अशी वाहत यायला हवी. आपली दोरी मधल्या वेगवान धारेत सापडली की ती माशीला ओढते, माशीमागे अगदी बारीक व्ही उमटतो, आणि खालून बघत असलेला मासा ती नाकारतो. याला इथले लोक ड्रॅग म्हणतात. मी मनात त्याला ओढ म्हणतो. दिवसभर जे चालते ते सारे ही ओढ कमी करण्यासाठी. दोरी उचलून वरच्या अंगाला टाकायची, एक पाऊल पुढे सरायचे, काठी उंच धरायची. दोरी हातात असूनही ती नसल्यासारखी ठेवायची, याचा सराव करता करता मी कितीदा तरी मासा विसरून गेलो आहे.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा गवतावर दव होते. कुंपणाच्या तारांवरून चढून उतरण्यासाठी लाकडी पायऱ्या ठोकलेल्या आहेत. पलीकडे खाजगी कुरण, त्यात गाई, आणि काठाकाठाने मासे धरणाऱ्यांसाठी राज्याने विकत घेतलेला वाटेचा हक्क. जिथे तो हक्क नाही तिथेही विस्कॉन्सिनच्या कायद्याने नाव जाईल एवढ्या पाण्यातून कुणालाही चालता येते, फक्त पाय ओले राहायला हवेत. पाणी सगळ्यांचे आणि काठ मालकाचा, हा हिशेब मला फार आवडतो. गुडघ्यांवरून छातीपर्यंत चढवलेल्या रबरी पोशाखातूनही त्या पाण्याची थंडी पिंढऱ्यांना कळत होती. रानपुदिन्यावर पाय पडला की वास येत होता, शेणाचाही येत होता, आणि दोन्हींच्या खाली ओल्या चुनखडीचा एक पाटीवरच्या पेन्सिलीसारखा वास होता. वेतसाच्या फांदीवर लाल खांद्यांचा काळा पक्षी एकसारखा ओरडत होता. दूर कुठल्या तरी मक्याच्या रिकाम्या शेतातून सारसाच्या जातीच्या सँडहिल क्रेनची गडगडती हाक येत होती. ती ऐकली की छातीत काहीतरी हलते.

शेजाऱ्यांनी माश्यांची डबी उघडली. ती त्यांच्या वडिलांची होती. आतल्या बाजूला नव्या, रोजच्या वापरातल्या माश्या नीट ओळीने टोचलेल्या, आणि कोपऱ्यात एक जुनी, जराशी कुरतडलेली, जिच्या दोन्ही अंगांना मेणाच्या थेंबासारखे चकाकणारे पांढरट-पिवळे ठिपके होते. "ही आम्ही पाण्यात घालत नाही," ते म्हणाले. "जंगल कॉक. ही पिसं तुमच्याकडची आहेत." राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसे होती ती. भीमाशंकरच्या वाटेवर पहाटे हा कोंबडा ओरडताना मी ऐकलेला आहे. गावातल्या कोंबड्यासारखे सुरू करतो आणि अर्ध्यावर तोडतो. त्या पिसांवरचे ते शिंपल्यासारखे टणक ठिपके माशाला डोळ्यांसारखे भासतात, म्हणून ब्रिटनमधल्या सामन माशाच्या गळांसाठी ही पिसे कितीतरी वर्षे भारतातून जात राहिली. पुढे भारताने त्यांची निर्यात बंद केली. त्या डबीच्या कोपऱ्यात सह्याद्रीतला एक कोंबडा एवढासा उरलेला बघून मला आनंदही झाला आणि कसनुसेही झाले. कुणाच्या तरी करमणुकीसाठी कुठल्या तरी रानातून काय काय उचलले गेले असेल, आणि आज त्याच करमणुकीत मीही उभा आहे, हे एकदमच लक्षात आले.

अकराच्या सुमाराला ढग आले, ऊन विझले आणि पाण्यावर माश्या उतरू लागल्या. उतरू लागल्या असे आपण म्हणतो. खरे तर त्या खालून वर येत होत्या. मेफ्लाय नावाच्या या माशीचे बहुतेक सारे आयुष्य ओढ्याच्या तळाशी दगडांखाली, पंखांविना जाते. मग एका दिवशी ती पृष्ठभागावर येते, कातडी फोडते आणि पंख उभे करून पाण्यावर बसते, शिडाच्या इवल्याशा होडीसारखी. तिला खाण्यासाठी कामाचे तोंडच नसते. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा हा कीटकांमधला एकमेव गट. ती दुसरी कात टाकली की पंख काचेसारखे पारदर्शक होतात, मग संग, अंडी, मरण, सारे एक-दोन दिवसांत. ऑलिव्ह रंगाच्या, भाताच्या दाण्याएवढ्या शेकडो होड्या वाकणावरून वाहत आल्या आणि काठालगत पाण्यावर एक वर्तुळ उमटले. मग दुसरे. आवाज इतका हलका की कुणी ओठांनी चहाचा पहिला घोट घ्यावा. त्या एका तासात मला तीन मासे लागले, तिन्ही ओठाच्या कोपऱ्यात, तिन्ही पाण्याबाहेर न काढता सोडता आले. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून सपाट केलेला असला की मासा सोडवायला फक्त मनगट फिरवावे लागते. त्यांतले दोन ब्राउन ट्राउट होते, ज्यांचे पूर्वज १८८३ साली जर्मनीहून अंड्यांच्या रूपात बोटीतून या देशात आले. इथला मूळचा रहिवासी तो ब्रुक ट्राउट, आणि जिथे पाणी सर्वांत थंड तिथेच, अगदी ओढ्याच्या उगमाकडे, तो अजून टिकून आहे.

दुपारी त्या लाकडी पायऱ्यांवर बसून आम्ही डबे उघडले. समोरच्या टेकडीवर शेतांचे पट्टे होते. मक्याचा एक, त्याच्या वर लसूणघासाचा एक, मग ओटचा, आणि हे पट्टे सरळ नव्हते, टेकडीला कमरपट्टा बांधावा तसे ते तिच्या वळणाने वळत गेलेले होते. मला ते दृश्य सुंदर वाटत होते, एवढेच. शेजारी म्हणाले की त्यांच्या वडिलांच्या लहानपणी या टेकडीला उभ्या घळी पडलेल्या होत्या, एवढ्या खोल की हरवलेली गाय त्यांत शोधावी लागे. गोऱ्या वस्तीकरांनी उतारावर वरून खाली नांगर चालवला, उरलेल्या रानात जनावरे चारली, आणि पन्नास-साठ वर्षांत टेकड्यांची माती ओढ्यात आली. पाऊस पडला की पूर, पाऊस थांबला की चिखल. झरे दबले, पाणी तापले, ट्राउट गेला. १९३३ मध्ये, मंदीच्या ऐन काळात, सरकारने याच कून व्हॅलीत देशातला पहिला पाणलोट मृदसंधारण प्रकल्प घेतला. सुमारे ९० हजार एकरांचे खोरे. चारशेहून अधिक शेतकऱ्यांनी सह्या करून नांगरटीची दिशा बदलली, उभ्या उतारावरून गुरे हटवली, तिथे झाडे लावू दिली. छावणीत राहणाऱ्या बेकार तरुणांनी घळींना बांध घातले. मॅडिसनच्या विद्यापीठात त्याच वर्षी प्राध्यापक झालेले निसर्गलेखक आल्डो लिओपोल्ड हे त्या आखणीत होते. शेजाऱ्यांच्या आजोबांनी आधी सही केली नव्हती. शेजारच्या शेतातली माती पावसात जागेवर राहिलेली बघितल्यावर पुढच्या वर्षी केली.

मी घास हातात धरून ऐकत राहिलो, कारण ही गोष्ट मला पाठ होती.

१९७२ मध्ये माझी आई अठरा वर्षांची होती आणि दुष्काळी कामावर जात होती. वडील त्याच कामावर मुकादम होते. त्यांची ओळख तिथलीच. दिवसभर माती उचलायची, पाटीने बांधावर टाकायची, दुपारी सुकडी मिळायची. रेशनवर मिलो ही लाल ज्वारी मिळे, तिच्या भाकरीला चव नसे आणि थापताना ती तुटे, असे आई अजून सांगते. ती मिलो अमेरिकेतून आलेली होती. याच देशातल्या कुठल्या तरी शेतातून. आमच्याकडे जे बांध झाले त्यांतले काही पहिल्याच मोठ्या पावसात वाहून गेले, काही राहिले, आणि जे राहिले त्यांच्या पोटाशी माती धरली, बाभळी वाढल्या. आपल्या जिल्ह्यात पुढे हिवरे बाजारसारखी गावे झाली, त्यांचे सर्वांना ठाऊक आहे. आमचे गाव तसे झाले नाही. आमचा ओढा पुढे हळूहळू दिवाळीऐवजी संक्रांतीपर्यंत पोचला, एवढेच त्या साऱ्या पाट्यांचे फळ, आणि आई ते फार मोठे मानते. तिच्या तोंडून ‘ताल’, म्हणजे उताराला आडवा घातलेला बांध, हा शब्द मी हजारदा ऐकला आहे. समोरच्या टेकडीवर विस्कॉन्सिनचे शेतकरी ज्याला भलतेच काहीतरी म्हणत होते ती माझ्या आईच्या भाषेत ताल होती.

या ओढ्याचेही सारे कायमचे सुरळीत झालेले नाही, हे सांगायला हवे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत इतका पाऊस कोसळला की या दऱ्यांमधले जुने मातीचे काही बंधारे फुटले; कुंपणे, पूल, काठ, सगळे खरवडून गेले. आम्ही उभे होतो तिथल्या काठाखाली ओकच्या फळ्यांचे कट्टे पुन्हा बसवलेले आहेत, वर दगड आणि माती, म्हणजे बाहेरून हिरवळ दिसते आणि आत माशांना सावलीची माजघरे मिळतात. पाण्यात वाकून बघितले तर फळीची कड दिसते. ज्याला मी निसर्ग समजून भारावलो होतो त्यात इतक्या माणसांची कंबर मोडलेली आहे, हे कळल्यावर माझे भारावणे कमी झाले नाही. उलट पाण्यात पाऊल टाकताना मी जास्त हळू टाकू लागलो.

आणि तरीही शेवटच्या डोहात मी ते केले.

ऊन पुन्हा आले होते, माश्या थांबल्या होत्या, मासे तळाशी गेले होते. शेजाऱ्यांनी मला गुलाबी धाग्याची आणि खारीच्या केसांची एक बुडणारी माशी दिली. पिंक स्क्विरल हे तिचे नाव, वेस्टबीच्याच एका माणसाने बांधलेली आणि या खोऱ्यात घरोघरी असलेली. ती तळाशी घरंगळत जाते. मासा तिला तोंडात घेतो तेव्हा दोरी फक्त क्षणभर अडखळते, आणि त्या क्षणी काठी उचलली तर गळ ओठात बसतो. उशीर झाला तर मासा ती एकतर थुंकतो किंवा आत घेतो. मी उशीर केला. दोरी वाहत होती आणि मी मान वर करून टेकडीवरच्या पट्ट्यांकडे बघत होतो, मनात आईची पाटी होती, लाल भाकरी होती. खाली बघितले तेव्हा दोरी थांबलेली होती, किती वेळ कोण जाणे. आता मी असे म्हणू शकतो की मी काही वाईट विचारात गुंतलो नव्हतो, उलट या पाण्याबद्दल कृतज्ञच होतो. पण माझ्या कृतज्ञतेची किंमत त्या माशाने कल्ल्याने चुकवली.

त्या रात्री आईला फोनवर सगळे सांगितले. तिने नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, "धरला अन् सोडला?"

"हो."

"मग धरला कशाला?"

मी तिला समजावू लागलो. लहान ओढ्यात मासे थोडे असतात, प्रत्येकाने नेले तर उरणार नाहीत, सोडल्याने ते वाढतात. परवान्याचे आणि ट्राउटच्या शिक्क्याचे पैसे हेच काठ दुरुस्त करायला जातात. हे सारे खरेच आहे. तिने तेही ऐकले. "ते असू दे," ती म्हणाली. "रगत आलेला कशाला सोडला? तुझ्या हातनं मेला असता, तर तुला खाता तरी आला असता. आता तू बघितला नाही एवढंच."

तिने याहून जास्त काही म्हटले नाही, आणि विषय पावसाकडे गेला. पण तिचे ते शेवटचे वाक्य माझ्याबरोबर राहिले. मासे धरून सोडणाऱ्यांच्या वर्तुळात सोडून देणे ही दया समजली जाते, आणि बहुतेक वेळा ती असतेही. ओठात गळ लागलेला, झटपट सोडलेला मासा जगतो. २००३ साली एडिंबरोजवळच्या संशोधकांनी रेनबो ट्राउटच्या तोंडाभोवती इजा टिपणारे मज्जातंतू दाखवून दिले, तेव्हापासून हा वाद अधिक टोकदार झाला आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर सोडून देण्याच्याच हेतूने मासा धरायला २००८ च्या नियमांनी बंदी केली. धरायचा असेल तर खाण्यासाठी धरा. आईने ते नियम वाचलेले नाहीत, तिचे म्हणणे तेच आहे. मी हे सगळे नंतर शोधून वाचले, पण मला जे बोचत होते ते वाचनाने सुटणारे नव्हते. त्या क्षणी मी माशासाठी हात उघडला नव्हता. त्याला दगडावर आपटून मारणे मला झेपले नसते, डब्यात मेलेला मासा घेऊन घरी जाणे मला त्या सुंदर दिवसाच्या शेवटी नको होते. मी मासा सोडला नाही, मी स्वतःला सोडवले. शेजाऱ्यांच्या त्या दोन वाक्यांत एका शेतकऱ्याची जबाबदारी होती; ज्याने जखमी वासरू कधीतरी स्वतःच्या हाताने संपवले असेल त्याचा आवाज होता तो. मला तो तेव्हा कठोर वाटला होता.

गेल्या रविवारी मी एकटाच पुन्हा गेलो. काठचे गवत आता कमरेला लागत होते, खाजकुयलीसारखी भाजणारी नेटल ठिकठिकाणी माजली होती. त्या डोहातल्या त्या दगडामागे वाकून बराच वेळ बघितले. तिथे काही असण्याचे कारणच नव्हते. काठच्या ओल्या मातीत मुंगसाएवढ्या मिंकची पावले उमटलेली होती, पाण्यापर्यंत जाऊन परत फिरलेली.

सकाळी सातच्या आत मला एक ब्राउन ट्राउट लागला. अकरा इंचांचा, ओठाच्या कोपऱ्यात नीट लागलेला, एक थेंब रक्त नाही. तो सोडता आला असता. मी त्याला पाण्यातून वर काढले, डाव्या हाताने घट्ट धरले आणि काठीच्या मुठीएवढ्या लाकडाने डोक्यावर दोनदा मारले. अंग एकदा थरथरले आणि मग रंग जाऊ लागले. ते इतक्या लवकर जातात हे मला माहीत नव्हते. चाकूने पोट चिरून मी तिथेच तो साफ केला. आत करड्या कोळंबीसारखे बारीक जीव होते आणि अर्धवट जिरलेल्या मेफ्लाय, पंख अजून ओळखू येणारे. मांस केशरी होते. थंड पाण्यात हात बधिर झाले. मला हलके वाटले नाही. जे केले ते बघत केले, एवढा फरक होता, आणि मला भूक लागलेली नव्हती हेही खरेच होते.

मासा गवतात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि आईला व्हिडिओ फोन लावला. इकडचे साडेसात, तिकडे संध्याकाळचे सहा. ती ओट्यावर बसली होती, मागे कुणाचा तरी ट्रॅक्टर जात होता.

"आज काय केलं?" तिने विचारले.

"एक धरला. घरी नेतोय. तव्यावर भाजेन."

"तिखट-मीठ लावून ठेव आधी," ती म्हणाली. "बाजरीचं पीठ असलं तर वरनं लाव."

मग मी फोन फिरवून तिला टेकडी दाखवली. ती डोळे बारीक करून बघत राहिली. मक्याची रोपे आता वीतभर झाली होती, त्यामुळे पट्ट्यांची वळणे आणखी स्पष्ट दिसत होती. "ताली आहेत त्या," तिने लगेच ओळखले. "चांगल्या घातल्यात. पाणी कुठं काढून दिलंय?" मी दाखवले. ते तिला पटले. कुणी घातल्या, असे तिने विचारले, तेव्हा मी ते १९३३ चे सांगितले, बेकार पोरांच्या छावण्यांचे सांगितले. "म्हणजे दुष्काळी कामच की," ती म्हणाली.

मी फोन खाली ओढ्याकडे नेला. वाकणावर पाणी दगडांवरून पडत होते तिथे धरला. ट्रॅक्टर गेला असावा. तिच्याकडचा आवाज थांबला होता.

"हा उन्हाळ्यात आटतो का रे?"

"नाही, आई. बारा महिने असाच."

ती काही बोलली नाही. पडद्यावर तिचा चेहरा आणि त्याच्या मागे ओट्यावरचा खांब एवढेच दिसत होते. मला वाटले फोन तुटला, म्हणून मी तो कानाजवळ आणला.

"हलवू नको," ती म्हणाली. "राहू दे तसाच जरा."

मी फोन पाण्याच्या अगदी कडेला दगडाला टेकवून उभा केला आणि शेजारी बसलो.